दाढांची उधारी

दिवसभर ज्याला त्याला ‘बरं बरं’ म्हणणारा माणूस रात्री झोपेत करकरा दात खात असेल, तर त्याला सोशिक म्हणावे की लबाड? चिखलीत माझा कान दुखू लागला. तपासून दंतवैद्य म्हणाले, ‘‘भाऊ, कान ठणठणीत आहे. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतोय. दाढा बघा किती झिजल्यात! ताण असला की झोपेत दात आवळले जातात.’’ मऊ खा, गरम शेक घ्या, जागेपणी ओठ मिटले तरी दातांत २-३ मिलिमीटर फट ठेवा. म्हणजे ज्वारीची भाकरी बंद! असल्या सोशिकपणाला मी उधारी म्हणतो. दिवसाचे देणे बिचाऱ्या दाढांनी रात्री फेडायचे. (सौ.चे मत : लबाडच.) परवा मेव्हण्यांकडे २ वर्षांपासून अडकलेले पैसे तोंड उघडून मागितले. मेव्हणे रुसलेत. जांभई मात्र आता बरीच मोठी देता येते.