बांधाचे दोन हात

फळमाशीचा एक जुना वाण प्रयोगशाळांत जपलेला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अंग आणि पंख पिवळट दिसतात. पाठीवरचे राठ केस मात्र काळेभोर. रंगाचे जनुक शाबूत असते. फक्त त्याच्या तोंडाशी ‘जिप्सी’ नावाचा उडता डीएनए तुकडा येऊन बसलेला असतो. अंगाला आणि पंखांना रंग द्या असा निरोप जनुकाला देणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे एन्हान्सर, त्याच्या पलीकडे अडकतात. केसांचा एन्हान्सर जनुकाच्या पोटातच असल्याने सुटतो. जिप्सीवर ‘सु-हेअरीविंग’ या प्रथिनाला बसायला १२ जागा आहेत. ते प्रथिनच निकामी केले, की माशी पुन्हा काळसर होते.

अशा अडवणाऱ्या तुकड्यांना इन्सुलेटर म्हणतात. हे नाव मला खटकते. ते ऐकले की विजेच्या तारेवरचे रबर डोळ्यांपुढे येते, आणि आपण भिंतीच्या भाषेत विचार करू लागतो. भिंत असती, तर दोन भिंतींनी दुप्पट अडवले असते. २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एन्हान्सर आणि जनुक यांच्यामध्ये जिप्सीचे दोन इन्सुलेटर बसवून पाहिले. निरोप अडला नाही, बिनदिक्कत पोचला! दोन्ही इन्सुलेटरांवरची प्रथिने एकमेकांना धरतात, मधल्या डीएनएचा फास होतो आणि लांबचा एन्हान्सर जनुकाच्या शेजारी येतो, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

म्हणजे वेगळे करण्याचे काम धरण्यातूनच होते. या प्रथिनांना जणू दोन हात आहेत. ‘झिंक फिंगर’ नावाच्या भागाचा हात डीएनए पकडतो, दुसरा हात दुसऱ्या प्रथिनाला. पिटा, झेडडब्ल्यू५, झिपिक या माशीच्या प्रथिनांत तो दुसरा हात म्हणजे ‘झॅड’ हा भाग. चार सिस्टीन जस्ताचा एक अणू घट्ट धरून त्याची घडी सांभाळतात आणि असे दोन झॅड एकमेकांना बिलगतात. उत्क्रांतीत ही घडण टिकली, नव्हे कीटकांत फोफावली. एका फळमाशीत झॅड असलेली नव्वदहून अधिक जनुके आहेत. आपल्या पेशींत इन्सुलेटरांचे बांध घालण्याचा बराचसा भार सीटीसीएफ हे एकच प्रथिन उचलते. माशीत मात्र कामाची वाटणी आहे, आणि घडण एकच असली तरी गोंधळ होत नाही. पिटा पिटालाच धरते, झिपिक झिपिकलाच. गुणसूत्रावर लांब असली, तरी आपली जोडी ओळखतात.