रिकाम्या नळाचं भाडं

बागबाजार म्हणजे उत्तर कोलकाता, हुगळीचा काठ. तिथे 'मरहट्टा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. मनाने तिथे जरा उभे राहा. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने इंग्रजांनी इथून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, झाला तीनेक मैल. स्वार कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खर्च मात्र झाला तो झालाच.

आता याच बंगालच्या मातीखालच्या नव्या खोदकामाचा विचार करू. घाई नको. 'ऊर्जा गंगा' म्हणून ओळखली जाणारी, गेल या सरकारी गॅस कंपनीची जगदीशपूर–हल्दिया–बोकारो–धामरा वाहिनी बंगालपर्यंत आली आहे. तिचा डोभी ते दुर्गापूर हा 348 किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी 2021 मध्ये सुरू झाला. पोलादी नळ जमिनीत पुरला, वर माती लोटली, शेत पुन्हा नांगरलं गेलं. त्या नळावर एक साधा प्रश्न ठेवा: यातून गॅस नेण्याचं भाडं किती असावं?

उत्तर भागाकाराचं आहे. वर खर्च, खाली वाहिलेला गॅस. वरचा आकडा तसा सरळ: पोलाद, जमीन, कॉम्प्रेसर, आणि गुंतवलेल्या भांडवलावर केंद्राच्या गॅस नियामक मंडळाने मान्य केलेला करोत्तर 12 टक्के परतावा. (परतावा भांडवलावर बांधून दिला की कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याचा मोह होतो, हे अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी 1962 मध्येच दाखवलं होतं.)

खालच्या आकड्यापाशी मात्र थांबा. नळाचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच दाबाने साडेपाच पटींहून जास्त गॅस वाहतो. पोलाद काही तितक्या पटीने लागत नाही. म्हणून मोठा नळ स्वस्त पडतो. पण भरला तरच. काकीनाड्याहून तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र ओलांडून भरूचकडे जाणारी वाहिनी 2009 मध्ये सुरू झाली. कृष्णा–गोदावरी खोऱ्यातला गॅस काही वर्षांतच ओसरला आणि एवढा मोठा नळ बराचसा रिकामा राहिला. चाळीस जणांच्या एसटीत तिघंच बसले, तर डिझेलचा सगळा खर्च तिघांनीच भरायचा?

सुरुवातीच्या नियमांनी याला 'नाही' म्हटलं होतं. पहिल्या वर्षी क्षमतेच्या 60 टक्के गॅस वाहिला असं धरायचं, पाचव्या वर्षी 100 टक्के. प्रत्यक्षात कमी वाहिला तर तोटा कंपनीचा. मला हे तत्त्व रास्त वाटतं. अंदाज ज्याचा चुकला, त्याने सोसावं. पण दुसरी बाजूही मनात येऊ द्या. एवढी जोखीम असेल तर मागास भागात नळ टाकणार कोण? ऊर्जा गंगेला केंद्राने 40 टक्के भांडवली अनुदान, म्हणजे 5,176 कोटी रुपये दिले, ते यासाठीच.

मग गॅसच्या उगमापासून दूरच्या बंगालचं काय? कोलकात्याच्या रस्त्यांवर 1857 पासून कोळशाच्या गॅसचे दिवे जळत होते. तो कारभार पुढे राज्याकडे गेला. नैसर्गिक वायू मात्र केंद्राचा विषय, असं मत सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिलं. त्यामुळे भाडं दिल्लीत ठरतं. पूर्वी वाटेतल्या प्रत्येक वाहिनीचं भाडं बेरजेने चढायचं. गॅस जिथे उतरतो त्या गुजरातेतल्या दहेजजवळचा कारखानदार थोडं द्यायचा, पूर्वेकडचा भरमसाट. 1 एप्रिल 2023 पासून एकत्रित दर आला. तेव्हा तो सरासरी 73 रुपये 93 पैसे प्रति एमएमबीटीयू होता. अंतराचे टप्पे तेव्हा तीन होते, 300 किलोमीटरपर्यंत, 1200 पर्यंत आणि त्यापुढे. एमएमबीटीयू हे उष्णतेचं माप; एकात साधारण दीड घरगुती सिलिंडरची उष्णता असते. म्हणजे त्या दराने एका सिलिंडरइतक्या आचेमागे पन्नासेक रुपये वाहतूक. पश्चिम किनाऱ्यालगतच्या आपल्यासारख्यांनी पूर्वीपेक्षा थोडं जास्त द्यायचं, बंगालने पूर्वीपेक्षा थोडं कमी. बंगालकडून बारा लाखांची चौथाई ठरवून घेतलेल्यांच्या वारसांनी यावर फार कुरकुर करू नये.

पण दर सगळ्यांत वाटला म्हणून रिकामा नळ भरत नाही. त्याचा भार फक्त जास्त लोकांवर पसरतो, आणि पसरलेला भार कुणाला टोचत नाही. धोका आहे तो इथे. नियामक मंडळ दर बदलण्याआधी मसुदा जाहीर करतं, हरकती मागवतं. पुढचा मसुदा येईल तेव्हा किती टक्के परतावा दिला ते वाचाच. पण आधी लिहून विचारा, यंदा नळात प्रत्यक्ष गॅस किती वाहिला?