मृतांशी बोलावे काय?

नुकताच पुत्र गमावलेल्या एका बहिणीने आम्हांस विचारले, "पलीकडच्या गावी एका बाईच्या अंगात येते, आणि मेलेले माणूस तिच्या तोंडून बोलते म्हणतात. मी एकदाच जाऊन माझ्या लेकराचा शब्द ऐकला, तर त्यात पाप ते काय?" अशा प्रश्नास रागावून उत्तर देणे सोपे आहे, परंतु ज्याच्या मुळाशी प्रीती आहे त्यास रागाने उत्तर देणे उचित नव्हे.

हा मोह केवळ अडाण्यांचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतातील हाइड्सव्हिल या खेड्यात सन 1848 मध्ये फॉक्स घराण्यातील दोन मुलींनी सांगितले की, मृत मनुष्य ठकठक असा आवाज करून आमच्याशी बोलतो. तेथून हे वेड विलायतेपर्यंत पसरले व मोठमोठे विद्वानही त्यात गुंतले. सन 1888 मध्ये त्यांपैकी मार्गारेट हिने भर सभेत कबूल केले की, तो आवाज आपण पायाच्या बोटांच्या सांध्यांनी काढीत होतो. आणि तो तेथेच काढून दाखविला. पुढल्या वर्षी तिने आपली कबुली परत घेतली. परंतु सभेने कानांनी ऐकले ते परत कसे घेता येणार?

तथापि सर्वच माध्यमे लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. हॅरी हुडिनी हा प्रख्यात जादूगार एका यहूदी रब्बीचा पुत्र होता. त्याची आई सन 1913 मध्ये वारली, आणि तिचा एक शब्द ऐकावा म्हणून तो तळमळत असे. सन 1922 मध्ये अटलांटिक सिटी येथे त्याचे स्नेही सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने, त्याच्या आईचा आत्मा आपल्या हाताने लिहितो असे मानून, पानेच्या पाने भरली. मजकूर प्रेमळ होता. परंतु तो इंग्रजीत होता, आणि हुडिनी सांगे की ती भाषा आईस येत नव्हती. शिवाय पानाच्या माथ्यावर क्रूस होता. रब्बीची विधवा तो का काढील? लिहिणारी बाई कपटी नसेल. तरी ते शब्द त्या माउलीचे नव्हते, असेच हुडिनीने ठरविले.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. जिवंत मनुष्याच्या तोंडी कोणी भलते शब्द घातले, तर तो उठून म्हणेल, "हे माझे नव्हेत." मृतास तसे म्हणता येत नाही. यास्तव त्याच्या शब्दांची राखण आपल्याकडे येते. ते गोड पत्र नाकारण्यात हुडिनीची प्रीती उणी पडली नाही. ती तेथेच खरी ठरली.

कोणी म्हणेल, "खोटे असले तरी समाधान तर मिळते ना?" परंतु एक शब्द मिळालेली आई दुसऱ्यासाठी जाते, मग तिसऱ्यासाठी. हळूहळू जो पुत्र तिने पदराखाली वाढविला त्याचा बोल पुसट होतो, आणि परक्या बाईच्या तोंडचा पुत्र त्याच्या जागी येऊन बसतो. अशा रीतीने ती आपले लेकरू दुसऱ्यांदा गमावते.

शौल राजा वेष पालटून रात्री एन-दोर येथील स्त्रीकडे गेला, ही गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. शमुवेलाचे शब्द ऐकून तो भूमीवर पडला व त्याच्यात त्राण उरले नाही. पुढे काय झाले याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. त्याच स्त्रीने वासरू कापून, भाकरी भाजून, त्यास आग्रहाने जेवू घातले, तेव्हा तो उठून चालू लागला. मृताच्या वाणीने गेलेले बळ जिवंताच्या भाकरीने परत आले.

म्हणून उपदेशक बंधूंनो, ज्या घरी चूल पेटली नाही तेथे दटावणी घेऊन जाऊ नका. भाकरी घेऊन जा. त्या माउलीजवळ बसा आणि तिच्या पुत्राचे नाव तुम्ही आधी घ्या. तो काय बोले, कशास हसे, हे तिला सांगू द्या. तो प्रभूच्या हाती आहे, ही आपली आशा आहे. त्याचे खरे शब्द तिच्यापाशी आहेत. ते ऐकावयास कोणी बसले नाही, म्हणूनच ती पलीकडच्या गावाची वाट विचारीत होती.