दाराला लावलेली वीट

आप्पांना डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं. नाशिकच्या मुलीनं लगेच पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि तेव्हापासून संध्याकाळी साडेचारला आप्पा मनगटाकडे बघत दादरच्या हिंदू कॉलनीतून चालू लागले. आमच्या इमारतीपासून राजगृहावरून पुढं पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डनला एक वळसा आणि परत. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर, मंचेरजी जोशींनी वसवलेल्या कॉलनीतले झाडांचे रस्ते, एवढं सगळं वाटेत असताना आप्पांना दिसायचा तो फक्त आकडा. समोर भेटले की नमस्काराच्या जागी म्हणायचे, "चार हजार दोनशे."

मनी त्यांना परतीच्या वाटेवर भेटली. पांढरी, पाठीवर तपकिरी ठिगळ, शेपटीच्या टोकाला जुनी मुरड. इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालून उठून ती आप्पांच्या पोटरीला गाल घासायची आणि पुढं पुढं चालत त्यांना इमारतीपर्यंत आणून सोडायची. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपली खूण करून ठेवतं, असं मी आप्पांना एकदा सांगितलं. "म्हणजे मी तिचा!" आप्पा खूश झाले. इस्त्रीवाल्याच्या टेबलाचा पायही तिचाच होता, हे मी बोललो नाही.

हळूहळू मनी पहिल्या मजल्यावर येऊ लागली. आधी पायपुसण्यावर, मग झोपाळ्यावर. वहिनी गेल्यापासून तो झोपाळा रिकामाच होता. आप्पा बशीत दूध ठेवायचे. मनी हुंगायची, तोंड फिरवायची आणि खालच्या मजल्यावर कोळीण मांदेली ओतत असली की खिडकीतून तीरासारखी खाली. आप्पांना ते लागायचं. वयात आलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि गोड चव तर त्यांना कळतच नाही, पण दूध-मांजराची जोडी आपल्याकडे म्हणींनीच लावून दिलेली. आप्पा बशी भरत राहिले.

मंगलाबाईंचंही थोडं तसंच होतं. त्या आप्पांकडे पोळी-भाजी करायच्या. सकाळी सातला पहिलं घर आप्पांचं, मधे आणखी चार घरं, संध्याकाळी शेवटचं घर पुन्हा आप्पांचं. सहाच्या सुमाराला शेवटची पोळी तव्यावरून उतरली की आप्पा म्हणायचे, "मंगलाबाई, चहा टाका. दोघांचा टाका. बसा दोन मिनिटं." ती दोन मिनिटं सातपर्यंत लांबायची. आप्पा आयुर्विम्याच्या नोकरीतले किस्से सांगायचे, मंगलाबाई खुर्चीच्या कडेवर बसून पिशवी मांडीवर घेऊन ऐकायच्या. आप्पांना याचा अभिमान होता. "कामाच्या बाईला खुर्चीवर बसवून चहा देणारी घरं किती असतील या कॉलनीत?" असं त्यांनी मला दोनदा तरी विचारलं होतं. पिशवी मांडीवर का, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं.

जुलैत मनीचं काहीतरी बिनसलं. यायची, पण दहा मिनिटांत उठायची. झोपाळ्यावर अंग टाकलं न टाकलं तोच कान दाराकडे. "दुसरं घर धरलं असेल तिनं," आप्पा म्हणाले. "सगळे येतात ते जायलाच." हे वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं, पण मी ते विसरलो नाही.

मग तो पावसाचा दिवस आला. दुपारपासून धार तुटली नव्हती. फिरणं झालंच नाही, तरी मनी आली, भिजून निम्मी झालेली. मंगलाबाई पाचपासूनच खिडकीतून बघत होत्या. "आप्पा, आज जरा लवकर निघते."

"एवढ्या पावसात? थांबा हो. ओसरू दे. चहा टाका."

त्या थांबल्या. सातला निघाल्या तेव्हा पाऊस ओसरला नव्हता, वाढला होता.

त्यांच्यामागं मनीही दाराशी गेली. आप्पांनी दार लावलं. वरची कडी घातली, स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतली. झोपाळ्यावर वहिनींची जुनी शाल घडी करून ठेवली, बशीत कोमट दूध ठेवलं. मनी आधी साधी ओरडली. मग दार नखांनी ओरबाडू लागली. नऊनंतर तिचा आवाज बदलला. मांजराचा वाटेना, असा झाला, हे आप्पांचे शब्द. "सकाळी कळेल तुला, तुझ्या भल्यासाठी केलं," असं तिला सांगून ते आडवे झाले आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

सकाळी मंगलाबाई आठला आल्या. दीड वर्षात पहिल्यांदा उशीर. कडी निघताच मनी त्यांच्या पायांमधून जिन्यावर. दाराच्या आतल्या अंगाला कमरेइतक्या उंचीपर्यंत पॉलिश खरवडून पांढरं लाकूड दिसत होतं. बशीतल्या दुधावर साय धरली होती.

"रात्रभर कोंडलीत तिला?" मंगलाबाई उंबऱ्यातच थांबल्या. "अहो आप्पा, ओली बाळंतीण आहे ती!"

"मला काय माहीत?"

"पोटाखाली बघितलं नाहीत कधी? आचळांभोवतीचे केस गेलेत. पंधरा दिवस झाले असतील. पाजायला जाते ती, म्हणून घाई असते तिला."

आप्पा घरातल्या चपलांनीच उतरले. मनी नजरेआड झाली होती, पण इस्त्रीवाल्यानं हात केला आणि पुढं फुलवाल्यानं. या दोघांना मनीचा रस्ता ठाऊक होता. आप्पा त्यांच्यासमोरून रोज जात होते, त्यांच्याशी बोलले त्या दिवशी पहिल्यांदा. दोन गल्ल्या सोडून एक जुनी तीनमजली इमारत रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी केलेली होती. भोवती निळे पत्रे. एका पत्र्याचा कोपरा वर वाकलेला आणि त्यावर पांढरे केस अडकलेले.

वॉचमननं आत घेतलं. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत घोटाभर पाणी होतं. वर, मीटरच्या फळीवर गोणपाटात तीन पिल्लं एकात एक शिरून पडली होती. डोळे नुकते उघडलेले, आणि तोंडं तीनही मनीच्या पोटाला. रात्री पाणी शिरलं तेव्हा आवाज ऐकून मीच वर ठेवली, वॉचमन सांगत होता. अंधारात हाताला तीनच लागली. एरवी पाऊस वाढला की आईच तोंडात धरून हलवते. काल आलीच नाही. कुठं मेली होती कोण जाणे.

चौथं खाली होतं, वर्तमानपत्रावर ठेवलेलं. मुठीत मावेल एवढं, आणि त्याच्याही पाठीवर तपकिरी ठिगळ. मधेच मनी फळीवरून उतरली, त्याला दोनदा चाटलं आणि पुन्हा वर गेली.

आप्पा काही बोलले नाहीत. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं त्यांची आजी सांगायची. पिल्लाचं काय, ते आजीनं सांगितलं नव्हतं. हे सगळं त्यांनी मला पुढं आठवड्यानं फाइव्ह गार्डनच्या बाकावर सांगितलं. मधेच म्हणाले, "वॉचमनला म्हणालो नाही हो मी, ती कुठं होती ते."

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली. शेवटची पोळी उतरली, मंगलाबाईंनी सवयीनं चहाचं आधण ठेवायला भांडं घेतलं. आप्पांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तुमची गाडी किती वाजता असते?"

मंगलाबाईंना प्रश्नच कळला नाही आधी. "सहा-वीसची होती. स्लो, कळव्याला थांबणारी. आता सातनंतरची मिळेल ती पकडते."

"काल?"

"काल कुर्ल्याच्या आधीच थांबली. रुळांवर पाणी. साडेअकराला उतरले. मुलगा स्टेशनच्या पुलावर उभा होता, छत्री नव्हती. सातवीत आहे. शेजारणीकडे किल्ली असते, पण मी गेल्याशिवाय जेवत नाही तो."

दीड वर्षात आप्पांनी त्यांना बदल्या, बढत्या, संप, सगळं सांगितलं होतं. मुलगा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"सहा वाजलेत," आप्पा म्हणाले. "निघा. चहा मी करून घेईन."

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. मनीनं चारच फिरवली. चौथं आमच्या इमारतीची गच्ची. पिल्लं अंगावरची सुटल्यावर इस्त्रीवाल्यानं प्राण्यांचं काम करणाऱ्या मुलांना बोलावलं, त्यांनी मनीचं ऑपरेशन करून आणलं आणि खूण म्हणून एका कानाचं टोक कापलं. ऑपरेशनचा खर्च आप्पांनी दिला. आजीच्या सोन्याच्या मांजरापेक्षा स्वस्तात सुटलो, एवढंच म्हणाले. ते अजून चालतात. घड्याळ हातात असतं, पण आता भेटल्यावर आकडा सांगत नाहीत, फुलवाल्याच्या मुलीची दहावी कुठवर आली ते सांगतात.

मनी कधी येते, कधी चार-चार दिवस येत नाही. मंगलाबाई सहा-वीसच्या गाडीनं जातात. त्या गेल्यावर आप्पा दाराला खालून एक वीट लावतात आणि रात्री झोपेपर्यंत ती तिथंच असते. डास फार येतात म्हणून समोरच्या बिऱ्हाडाची त्यावर तक्रार आहे. आप्पांनी त्यांना कासवछाप अगरबत्तीचा एक पुडा नेऊन दिला.