बिदरची सनद, वळसंगची विहीर

बिदरच्या बादशहानं अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कथेत इतिहास किती, ते राहू द्या. ते हक्क मात्र गावोगाव खरे होते. खळ्यावरचं बलुतं, मेलेलं जनावर, मढ्यावरचं कापड. या कापडापाशी मी दरवेळी अडखळतो. दुसऱ्याच्या मरणानंतर जे उरेल ते मिळणं हाही हक्क, आणि तो जाऊ नये म्हणून पिढ्यांनी भांडायचं! बदल्यात वेसकरकी, सांगावे पोचवणं, सरकारी कामाला रात्रीबेरात्री हजर राहणं. इंग्रजांनी 1874च्या वतन कायद्यानं हीच बांधिलकी पक्की केली. ती सुटावी म्हणून बाबासाहेबांनी 1928मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. ज्यांची भाकर वतनावर, त्यांनाच ‘वतन सोडा’ सांगायचं होतं. छाती लागते त्याला.

हक्कांची सनद इंग्लंडातही होती: 1215 साली सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला. कायदेशीर निवाड्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद करू नये, असं त्यात होतं. जमिनीला जखडलेलं कूळ या ‘स्वतंत्र माणसा’त धरलंच नव्हतं. तरी पुढच्या शतकांनी तो शब्द ताणत ताणत सगळ्यांपर्यंत आणला. बावन्न हक्क तसे ताणता आले नाहीत. त्यांची गाठ जन्माशी मारलेली होती. आणि एवढे हक्क पदरी असलेल्या माणसाला गावच्या आडाचं पाणी शेंदता येत नव्हतं.

अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला बाबासाहेब एप्रिल 1937मध्ये आले, ते दलितांच्या विहिरीचं उद्घाटन करायला. आदल्याच महिन्यात, 17 मार्चला, मुंबई उच्च न्यायालयानं महाडच्या चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला होता. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं कोर्टकचेरी! वळसंगच्या विहिरीला मात्र कुणाची सनद लागली नाही.

महार वतनं 1958च्या कायद्यानं गेली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. संविधानाचा 15वा अनुच्छेद मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिला गेला. कुणाला कुठे अडवता येणार नाही, ते त्यात एकेक करून सांगितलंय: दुकानं, उपाहारगृहं, मग विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. एवढ्या मोठ्या देशाच्या मूळ कायद्यात ‘विहिरी’ हा साधा शब्द घालावा लागला. 26 नोव्हेंबर 1949ला तो मजकूर स्वीकारला गेला, तेव्हा वळसंगच्या उद्घाटनाला बारा वर्षं उलटून गेली होती.