घरामागची गल्ली

म्हैसूरच्या चामराजपुरमसारख्या जुन्या, आखीव वसाहतींत घरापुढे रस्ता आहे, तशी घरामागेही एक अरुंद गल्ली आहे. तिथे तिला ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. मुंबईतली घरगल्ली ज्याने पाहिली आहे, त्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. घरांच्या पाठी एकमेकींना भिडू नयेत, वारा खेळावा, सांडपाणी आणि मैला मागच्या मागे निघून जावा, म्हणून सोडलेली ही जागा. सार्वजनिक आरोग्यासाठी कायदा काय करू शकतो, याचा विचार मला या गल्लीपासून सुरू करावासा वाटतो.

आपण मराठी माणसे तो पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यापासून सुरू करतो. १८९७ चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याच्या बळावर पुण्यात गोरे सोजीर माजघर-देवघर न पाहता घरात शिरले आणि बायाबापड्यांची चारचौघांत तपासणी झाली. लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग मात्र पुढेही कित्येक वर्षे पुण्यात परतत राहिला. ज्या कायद्याला लोक घाबरतात त्याच्यापासून ते रोगही लपवतात, आणि लपलेली साथ आवरत नाही.

१८९८ मध्ये प्लेग म्हैसूर संस्थानात पोचला. सक्ती तिथेही झाली, लोक तिथेही बिथरले. पण संस्थान तेवढ्यावर थांबले नाही. मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला होता. म्हैसूरने १९०३ मध्ये आपला नगर सुधार मंडळाचा कायदा केला. रस्ता किती रुंद, दोन घरांत अंतर किती, गटार कुठून जाणार, हे घर उभे राहण्याआधीच ठरू लागले. हा कायदा माणसाच्या अंगाला हात लावत नाही, जमिनीला लावतो. तो रोज कुणाला दरडावत नाही, तरी शंभर वर्षे काम करतो. मुंबईच्या ट्रस्टने चाळी पाडून जितके गरीब बेघर केले तितक्यांना घरे दिली नाहीत, हेही विसरता येत नाही. तरीही दंडुक्याच्या कायद्यापेक्षा आखणीचा कायदा मला अधिक मोलाचा वाटतो. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूर देशात पहिले आले, त्यामागे ही जुनी आखणीही आहे असे मी मानतो.

पण त्या गल्लीतून चालत कोण यायचे? संडासाच्या मागे जमिनीलगत एक झापड असे. ते उचलून आतला मैला खरवडून काढायचा, पाटीत भरायचा आणि पाटी डोक्यावर घ्यायची, हे काम ठरावीक जातींच्या माणसांच्या, बहुतेकदा बायकांच्या वाट्याला येई. समोरच्या दारातल्या माणसाचे आरोग्य राखायला मागच्या दारातल्या बाईचे आरोग्य खर्ची पडत होते, आणि त्या बाईला ‘सार्वजनिक’ मध्ये कुणी धरले नव्हते. कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे जागीच खत करणारा गोपुरी संडास घडवला तो नेमका हा अन्याय मोडण्यासाठी. कर्नाटकात १९७० च्या दशकात मुख्यमंत्री देवराज अरसांच्या मंत्रिमंडळातले बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आणली. देशाला असा कायदा करायला १९९३ साल उजाडले. दुसरा, अधिक कडक कायदा २०१३ चा.

तरी माणसे गटारांत उतरतात आणि गुदमरून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. कुटुंबाला ती मिळालीच पाहिजे. पण भरपाई मृत्यूनंतर येते. बंदीचा कायदा असूनही माणूस गटारात उतरतो, कारण गटाराची बांधणी आणि सफाईचा ठेका त्याला उतरवायच्या हिशेबानेच झालेला असतो. जी दूरदृष्टी गल्लीची रुंदी ठरवताना दाखवली तीच इथे हवी: मैलावाहिनीच्या आराखड्यात यंत्र पोचेल अशी जागा, महापालिकेच्या निविदेत यंत्राची अट, आणि अट मोडणाऱ्या ठेकेदाराबरोबरच कामावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यावरही खटला.