अडखळ कोणाला कळते?

आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंदांचा जन्मोत्सव 12 जानेवारीला नसतो, पौष वद्य सप्तमीला असतो. 2023 साली ही सप्तमी 14 जानेवारीला आली. मग अधिक श्रावण पडला आणि 2024 साली ती 2 फेब्रुवारीवर गेली. शुकदास महाराजांनी सुरू केलेल्या या उत्सवात लाखो माणसं पंगतीला बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी येते. पाहुणे विचारतात, खरा जन्मदिवस कोणता? मला दोन्ही खरे वाटतात. फक्त दोन घड्याळं वेगळी आहेत आणि त्यांची गाठ कुणीतरी घालावी लागते.

अशीच गाठ मी संगणकावर, लिनक्समध्ये घालत असतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिव्यांची लुकलुक टाळायला कीर्तनाचं चित्रण सेकंदाला 25 फ्रेमनी करतो. पडदा मात्र बहुधा 60 वर चालतो, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र नव्याने रंगवतो. मग प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला 2.4 फेरे येतात. अर्धामुर्धा फेरा तर देता येत नाही, म्हणून कुणाला दोन, कुणाला तीन. कॅमेरा बुवांकडून टाळकऱ्यांकडे वळतो तेव्हा चित्र लंगडतं. पडद्याचा वेग बदलणारी एक्सरँडरची आज्ञा देऊन पडदा 50 वर आणला की प्रत्येकीला नेमके दोन फेरे मिळतात.

त्यातही 60 म्हणजे 60च असेल असं नाही. अमेरिकेत 1953 साली रंगीत दूरचित्रवाणीचं मानक ठरताना वेग हजार-एकाव्या भागाने उतरवला, तेव्हापासून 59.94 हा आकडा आपल्या मागे आहे. त्या वेगाचा व्हिडिओ पुऱ्या 60 च्या पडद्यावर लावला तर साधारण सतरा सेकंदांनी एक फ्रेम दुबार दिसते. पडद्याचा वेग ठरतो तो पिक्सेल घड्याळाला, म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या ठिपक्यांच्या संख्येला, ओळीच्या आणि चौकटीच्या एकूण लांबीने भागून. 1920 बाय 1080 च्या चित्रात एकूण 2200 बाय 1125 धरलं की 148.5 मेगाहर्ट्झला बरोबर 60 येतात. 2200 चे 2640 केले की बरोबर 50. दिसणारं चित्र तेवढंच राहतं, वाढते ती न दिसणारी जागा.

बौद्धांचा क्षणिकवाद सांगतो की टिकून राहणारं असं काही नाहीच, क्षण तेवढे आहेत. पडदा त्यांच्याच बाजूने साक्ष देतो असं वाटतं, कारण तिथे सगळी स्थिर चित्रंच असतात. पण लंगडणाऱ्या कीर्तनातली कोणतीही एक फ्रेम काढून पाहा, ती निर्दोष असते. दोष एकाही क्षणात नाही. तरी तो दिसतो, म्हणजे मागचा क्षण धरून ठेवून पुढच्याशी ताडून पाहणारं कुणीतरी आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्य स्मृतीचा आधार घेतात तो इथेच: पाहणारा आणि आठवणारा एकच हवा. बौद्ध म्हणतील की आठवणही एक प्रवाहच आहे. हे उत्तर हलकं नाही. पण ताडून पाहायला दोन क्षण एकाच्याच हाती लागतात, आणि तो एक त्यांच्या उत्तरात मला सापडत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतं, हेही ऋतू आणि चंद्र दोन्ही ध्यानात ठेवणाऱ्यालाच कळलं; अधिक मास त्यालाच सुचला.

म्हणून मी शंकराचार्यांच्या बाजूचा आहे. आणि कीर्तनाचं चित्रण दाखवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: व्हिडिओ किती फ्रेमचा आहे ते आधी पाहा, पडदा त्याला जुळवा, मगच सुरू करा. समोर बसलेल्या म्हातारीला हर्ट्झ माहीत नसतील, पण अडखळ तिला कळते.